वेताळ टेकडी पाच स्टार, तिला जपण्याचं नियोजन दोन स्टार

सुरुवातीलाच मार्क देऊन टाकते, ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी. वेताळ टेकडी, पुणे: ५ पैकी ५. आणि ही टेकडी जपण्यासाठी आपल्याकडे जे काही नियोजन आहे, म्हणजे विकास आराखडा (शहरातली कुठली जागा कशासाठी ते ठरवणारा नकाशा), टेकडी झोन, बीडीपी (टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण), वृक्षारोपण, हरकती आणि सुनावण्या, हा सगळा कारभार धरून: ५ पैकी २. शून्य का नाही दिला ते पण सांगते, कारण काही गोष्टी खरंच चांगल्या झाल्यात आणि त्या झाल्या नसत्या तर रिव्ह्यू लिहायला टेकडीच उरली नसती.

टेकडीचे रिव्ह्यू भरपूर सापडतात. मस्त व्ह्यू, पार्किंगचा प्रॉब्लेम, सकाळी लवकर जा, पाणी बरोबर ठेवा वगैरे. पण नियोजनाचा रिव्ह्यू कोणी करत नाही, आणि माझं म्हणणं असं की ती पण एक सेवाच आहे ना, आपण मिळकतकर भरतो, हॉटेलात भाजी खारट आली तरी लगेच चार ओळी लिहितो, मग शहरातली सगळ्यात उंच टेकडी कुठल्या कागदाच्या भरवशावर उभी आहे त्याबद्दल पण लिहायला हवं. म्हणून हा प्रपंच.

आधी टेकडीबद्दल, ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी. कोथरूड, पाषाण, पंचवटी, गोखलेनगर, सेनापती बापट रोड, लॉ कॉलेज रोड या सगळ्या वस्तीच्या मधोमध हा डोंगर आहे. पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि टेकडीचा माथा ८०० मीटरच्या आसपास. वर वेताळबाबाचं मंदिर, थोडं बाजूला जुनी दगडाची खाण, तिच्यात पावसाळ्यानंतर पाणी साठतं आणि तिथे पक्षी उतरतात. कोणी याला एआरएआय टेकडी म्हणतं (एआरएआय म्हणजे इथली वाहन संशोधन संस्था), कोणी लॉ कॉलेजची टेकडी, कोणी नुसतं वेताळ, तुम्ही कुठल्या बाजूने चढता त्यावर ते ठरतं. तिकीट नाही, गेटवर कोणी आडवत नाही, कॉलेजची पोरं असतात, गुडघे दुखत असले तरी रोज येणारे आजी-आजोबा असतात, वस्तीतल्या बायका असतात, शेळ्या घेऊन येणारे असतात. शहरात अशी जागा सांगा बरं जिथे एवढे वेगवेगळे लोक एकही रुपया न देता तासभर बसू शकतात. मॉलमध्ये बसून दाखवा.

मे संपत आला, वळवाचे ढग जमायला लागले की इथे नवरंग येतो. नावाप्रमाणे खरंच तेवढे रंग अंगावर असतात पण दिसायला महाकठीण, पाल्यात तुरुतुरु चालतो, आधी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते आणि मग तुम्ही अर्धा तास एका जागी गप्प उभे राहिलात तर कदाचित दिसतो. मोर तर आहेतच, केकारव पार खालच्या सोसायट्यांमध्ये ऐकू येतो. हे सगळं महापालिकेच्या हद्दीत, रिक्षाने पोचता येतं अशा ठिकाणी. म्हणून पाचपैकी पाच, त्यात काही वाद नाही.

आता नियोजन. इथे जरा सविस्तर लिहिते कारण घोडं इथेच पेंड खातंय.

पुण्यातल्या टेकड्या वाचवायच्या ही गोष्ट आजची नाही. १९८७ ला जुन्या हद्दीचा विकास आराखडा मंजूर झाला, त्यात टेकड्यांचे माथे आणि उतार यांचा वेगळा झोन होता, लोक त्याला हिलटॉप हिलस्लोप म्हणतात. पुढे १९९७ ला आजूबाजूची गावं हद्दीत आली, त्यातल्या २३ गावांचा आराखडा करताना तिथल्या टेकड्यांवर बीडीपी म्हणजे बायोडायव्हर्सिटी पार्कचं आरक्षण टाकायचं ठरलं, बाणेर, बावधन, वारजे, कात्रज, कोंढवा या बाजूच्या टेकड्या, सगळं मिळून जवळपास हजार हेक्टर. मला तरी असं वाटतं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहराने कागदावर घेतलेला हा फार मोठ्या मनाचा निर्णय होता. वंदना चव्हाण यांच्यासारख्या नेत्यांनी तो लावून धरला, नागरिकांनी सह्या केल्या, टेकड्यांवर फेऱ्या काढल्या. दोनपैकी एक स्टार या एका गोष्टीचा आहे. आराखड्यात जागेला नाव मिळालं, रंग मिळाला, त्यामुळे बिल्डरला तिथे सरळसरळ परवानगी मागता येत नाही. ज्या शहरांनी हे केलं नाही तिथल्या टेकड्या जाऊन बघा, निम्म्या पोखरून झाल्यात.

पण आरक्षण टाकणं आणि जमीन हातात येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बीडीपीला राज्य सरकारची मंजुरी मिळायला २०१५ उजाडलं. म्हणजे एक अख्खी पिढी कॉलेजातून बाहेर पडून नोकरीला लागली एवढा वेळ हे घोंगडं भिजत पडलं होतं. आणि मोबदला ठरला ८ टक्के टीडीआर. सोप्या भाषेत, तुमची हजार चौरस मीटर जागा टेकडीवर असेल तर ती महापालिकेला द्या आणि बदल्यात ८० चौरस मीटरचा बांधकामाचा हक्क घ्या, तो दुसरीकडे वापरा किंवा विका. आता मी टेकडीच्या बाजूची आहे हे उघड आहे, तरी पण एक लक्षात घ्या की या जमिनीचे मालक सगळेच काही मोठे बिल्डर नाहीत, गावातली जुनी कुटुंबं आहेत, ज्यांच्या आजोबांनी तिथे गुरं चारली. त्यांनी म्हटलं की एवढ्याशा मोबदल्यात आम्ही का द्यायची, तर त्यांचं पूर्ण चुकतंय असं मी म्हणू शकत नाही. मग होतं काय, मालक देत नाही, महापालिका पैसे देऊन घेत नाही, आणि मधल्या मध्ये गुंठ्या-गुंठ्याने जागा विकली जाते, आधी पत्र्याची शेड, मग जोतं, मग भिंत, मग नळ. आरक्षण नकाशावर हिरवंगार आणि जागेवर सिमेंट.

आणि कायद्यातली एक गोष्ट प्रत्येकाने पाठ करून ठेवावी अशी आहे. एमआरटीपी ॲक्ट १९६६, म्हणजे राज्याचा नगररचनेचा कायदा, कलम १२७. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप गळून पडतं. गळून पडतं म्हणजे खरंच संपतं, जमीन मोकळी. आता हिशोब करा. बीडीपीची मंजुरी २०१५ ची. जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा मंजूर झाला २०१७ ला, म्हणजे त्यातल्या आरक्षणांची दहा वर्षं २०२७ ला भरतात. ज्या शहरात मैदानासाठी, शाळेसाठी, बागेसाठी टाकलेली आरक्षणं अशीच वर्षानुवर्षं पडून असतात तिथे टेकडीच्या आरक्षणाकडे डोळ्यात तेल घालून बघायला नको का? बजेट भाषणात टेकड्या असतात, फोटो असतात, पण भूसंपादनाच्या हेडखाली टेकडीसाठी किती तरतूद आणि त्यातली किती खर्च झाली हा साधा आकडा शोधायला बसा, दमछाक होते. एक स्टार इथे कापला.

दुसरा स्टार कापला तो एकाच आराखड्यात एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं या प्रकाराबद्दल. आराखड्याची शीट मोठी करून बघा, कोणीही बघू शकतं. टेकडीचा हिरवा पट्टा दिसतो, छान वाटतं, आणि मग त्याच हिरव्यावरून रस्त्याच्या दोन समांतर रेघा गेलेल्या दिसतात. बालभारती ते पौड फाटा रस्ता, साधारण दोन किलोमीटरचा, लॉ कॉलेज रोडची गर्दी कमी व्हावी म्हणून. ही रेघ १९८० च्या दशकातल्या आराखड्यापासूनची आहे. शिवाय एचसीएमटीआर, म्हणजे शहराच्या मधून जवळपास ३६ किलोमीटरचा गोल रस्ता, तोही या टेकडीच्या अंगाने जातो. आणि अलीकडे भर पडली ती टेकडीच्या पोटातून बोगद्यांच्या प्रस्तावाची, पंचवटी, गोखलेनगर, कोथरूड, सुतारदरा जोडायला. ज्या काळात पहिली रेघ मारली त्या काळात पौड रोडला शेतं होती, मेट्रो नव्हती, हवामानबदल हा शब्द कोणाच्या कानावर नव्हता. आता वनाज ते गरवारे मेट्रो मार्च २०२२ पासून धावतेय. मग रेघ तीच का राहावी? आराखडा दर वीस वर्षांनी सुधारायचा असतो तो कशासाठी, जुनी रेघ नवीन कागदावर गिरवायला?

लॉ कॉलेज रोडला राहणाऱ्यांचा त्रास खोटा नाही हे मला पूर्ण मान्य आहे. संध्याकाळी सहा ते नऊ नळ स्टॉपकडे जाताना ॲम्ब्युलन्स अडकलेली डोळ्याने बघितली आहे. पण टेकडी कापून रस्ता केला तर त्या गाड्या शेवटी पौड फाट्यालाच येऊन थांबणार ना, तिथे आधीच काय परिस्थिती आहे, आणि नवीन रस्ता झाला की नवीन गाड्या येतात हा अनुभव तर पुण्याने प्रत्येक फ्लायओव्हरला घेतलाय. बससेवा वाढवा, फुटपाथ मोकळे करा, पार्किंगला पैसे लावा, मेट्रो स्टेशनपर्यंत छोट्या बस द्या, हे सगळं करून झाल्यावर टेकडीकडे वळा म्हटलं असतं तर निदान चर्चा तरी झाली असती. इथे सगळ्यात आधी टेकडीच दिसते कारण तिथे पाडायला घरं नाहीत आणि मत द्यायला झाडं जात नाहीत.

एप्रिल २०२३ मध्ये हजारो लोक रस्त्यावर आले होते टेकडीसाठी. कडक ऊन, लहान मुलं खांद्यावर, सत्तरी-पंचाहत्तरीचे लोक टोप्या घालून, हातात स्वतः रंगवलेले बोर्ड. कुठल्याही पक्षाने गाड्या भरून आणलेले लोक नव्हते ते. आणि लक्षात घ्या त्या वेळी महापालिकेत नगरसेवकच नव्हते, मार्च २०२२ ला मुदत संपली होती आणि प्रशासक कारभार बघत होते. म्हणजे इतका मोठा निर्णय, परत न फिरवता येणारा, आणि वॉर्डातल्या माणसाला जाब विचारायला निवडून दिलेला एकही प्रतिनिधी समोर नाही. लोक रस्त्यावर नाही येणार तर कुठे जाणार.

हरकती-सूचनांची सेवा कशी आहे याचा पण रिव्ह्यू द्यायला पाहिजे. कायद्याने प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की लोकांना हरकत घ्यायला मुदत मिळते, मग नियोजन समिती सुनावणी घेते, त्यात स्थायी समितीचे ३ सदस्य आणि सरकारने नेमलेले ४ जाणकार असतात. कागदावर उत्तम. जुन्या हद्दीच्या आराखड्याला २०१३ मध्ये ८० हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या होत्या, पुणेकर वाचतात आणि लिहितात याचा एवढा मोठा पुरावा दुसरा नसेल. पुढे २०१५ ला राज्य सरकारने तो आराखडाच महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि वरच्या पातळीवर समिती बसवून पूर्ण केला. आता तुम्ही सांगा, सर्व्हे नंबर शोधून, नकाशाची प्रिंट काढून, रजा टाकून रांगेत उभं राहून ज्याने हरकत दिली त्याला त्याच्या मुद्द्याचं काय झालं हे कधी लेखी कळलं का? मान्य, अमान्य, का अमान्य, दोन ओळी तरी. ८० हजार लोकांना उत्तर देणं अवघड आहे हे कबूल, पण मुद्दे तर ८० हजार वेगवेगळे नसतात, टेकडीच्या मुद्द्यांचे दहा-पंधरा गट होतील, त्या गटांची उत्तरं वेबसाइटवर टाकता येतात. लोकांनी दिलेल्या वेळेचा तेवढा मान ठेवलाच पाहिजे.

आता टेकडीवर प्रत्यक्ष काय चालतं ते. इथे वनखातं, महापालिका, संस्था, खाजगी मालक अशा वेगवेगळ्यांच्या जागा एकमेकांना लागून आहेत आणि चालताना तुम्ही कोणाच्या हद्दीत आहात ते कळत नाही, कारण हद्दीचे दगड बऱ्याच ठिकाणी एकतर नाहीत किंवा गवतात गेलेत. मोजणी करून दगड रोवणं हे संवर्धनाचं पहिलं काम, त्याला उद्घाटनाची फीत नसते म्हणून ते मागे पडतं. उलट पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, कमानी, दिवे, सेल्फी पॉइंट यांना लगेच पैसे मिळतात. टेकडीवर दिवे लावू नका हो. रातवा नावाचा पक्षी आहे, दिवसा दगडासारखा जमिनीवर बसून राहतो आणि अंधार पडला की किडे पकडतो, त्याला अंधारच लागतो. रात्री फिरायला आपल्याकडे अख्खा फर्ग्युसन रोड आहे.

गिरिपुष्पाबद्दल लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पूर्ण होणार नाही. पूर्वी टेकड्या उघड्या-बोडक्या दिसतात म्हणून पटकन हिरव्या करायला हे झाड पुण्याच्या टेकड्यांवर भरमसाठ लावलं गेलं. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, भराभर वाढतं, शेळ्या फारशा खात नाहीत, कमी पाण्यात तगतं, त्यामुळे लावणाऱ्यांना सोपं पडलं. हेतू चांगला होता, त्या वेळच्या लोकांना दोष देत नाही. पण आज तुम्ही गिरिपुष्पाच्या दाट पट्ट्यात शिरा आणि खाली बघा. वाळलेल्या पानांचा थर, थराखाली कोरडी माती, गवताची काडी नाही, बाकी रोपं नाहीत, आवाज नाही. तिथून बाहेर या, उघड्या माळावर एखादं हेंकळीचं झुडूप शोधा, काटेरी, आपल्या कमरेएवढं, कोणी त्याच्यासोबत फोटो काढणार नाही असं. त्याच्यात वाकून बघा. बुलबुलाचं घरटं असेल, मुळाशी सरडा असेल, फांदीवर अळीने खाल्लेली पानं असतील, बुंध्याभोवती गवत उभं असेल आणि त्या गवतात चंडोल पळत असेल. ही दोन दृश्यं एकमेकांपासून जेमतेम वीस पावलांवर आहेत आणि टेकडीचं संवर्धन म्हणजे नक्की काय करायचं ते समजायला मला तरी यापेक्षा चांगलं पुस्तक मिळालेलं नाही.

म्हणजे मुद्दा असा की टेकडी म्हणजे अर्धवट राहिलेलं जंगल नाही. आपल्या पावसात, आपल्या मुरमाड जमिनीवर टेकडीचं मूळ रूपच मुळी गवत, झुडपं आणि अधूनमधून एखादा मोई, पळस, पांगारा, काटेसावर असं आहे. तितर, लावे, चंडोल, रातवा सगळे या उघड्या माळावर जगतात. पण आपल्या कागदपत्रांत या माळाला पडीक म्हणतात, आणि दर वर्षी ५ जूनच्या आसपास कुठली ना कुठली कंपनी टी-शर्ट घालून येते, त्या गवतात खड्डे करते, वड-पिंपळ लावते आणि जाते. लावणाऱ्यांच्या भावना खऱ्या असतात, मी अशा लोकांशी बोलले आहे, त्यांना मनापासून काहीतरी करायचं असतं. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की ताई, इथे नका लावू, इथे फक्त गवत राहू द्या, त्यापेक्षा मार्चमध्ये या आणि आमच्याबरोबर जाळरेषा काढा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवताचा एक पट्टा साफ करा. वणवा लागला की गवत, पिल्लं, रोपं सगळं एका दुपारी जातं, आणि वणव्याच्या आधी जाळरेषा काढायला माणसं कमी पडतात. हे सांगणं नियोजनाचं काम आहे. कायद्यातही हाच घोळ आहे, शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीत ५० वर्षांच्या वरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, चांगलंच झालं. पण गवताला कोण वाली? दहा एकर माळ सपाट केला तर एकही झाड तोडलं नाही असं प्रामाणिकपणे लिहून देता येतं.

पाण्याचं पण असंच. खालचा दगड काळा कातळ, बेसॉल्ट, त्याचे थर एकावर एक. वरचा मुरमाड, फुटलेला भाग पावसाचं पाणी आत घेतो, ते भेगांमधून हळूहळू खाली उतरतं आणि पायथ्याच्या विहिरी-बोअरना मिळतं. माथ्यावर आणि उतारावर सिमेंट टाकलं की तेच पाणी आत न जाता रस्त्यावर येतं. मग पावसाळ्यात खालच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी आणि उन्हाळ्यात टँकर, आणि मेंटेनन्सच्या मीटिंगमध्ये टँकरच्या बिलावरून भांडणं. कोथरूडच्या एखाद्या सोसायटीला टेकडीशी काय देणंघेणं असं कोणी विचारलं तर सोसायटीचं टँकरचं बिल दाखवा.

दुसरा स्टार कशाला दिला ते राहिलं. तो दिलाय कारण जिथे मनावर घेतलं तिथे काम झालंय आणि ते याच शहरात झालंय. वारज्याला वनखात्याच्या जागेवर २०१५ पासून स्मृतिवन उभं राहिलं, संस्था आणि लोकांनी मिळून सांभाळलं, आणि २०२० ला केंद्राने देशभर २०० नगरवनं करायची योजना जाहीर केली तेव्हा वारज्याचंच उदाहरण समोर ठेवलं. इकडे गणेशखिंडचं उद्यान, १८७३ पासूनचं, त्याला २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. हा दर्जा जैवविविधता कायदा २००२ खाली मिळतो, राज्य सरकार देतं पण स्थानिक संस्थेशी बोलून. म्हणजे महापालिकेने मनात आणलं, ठराव करून पाठवला, तर वेताळ टेकडीसाठी हाच रस्ता उघडा आहे, त्याला नवीन कायदा लागत नाही, फारसा खर्च लागत नाही. गणेशखिंडहून टेकडी डोळ्यांना दिसते. प्रत्येक महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला लागते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते, त्या वहीत टेकडीचं गवत, झुडपं, पक्षी, पाणी, शेळ्या चारणारे लोक, सगळ्यांची नोंद नीट झाली तर उद्या रस्त्याच्या प्रस्तावासमोर ठेवायला महापालिकेचाच कागद हातात असेल.

टेकडीवर पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन चढणारे लोक तुम्हाला एप्रिल-मेमध्ये रोज दिसतील. एक काका आहेत, नाव नाही लिहीत, त्यांना आवडणार नाही, रोपाभोवती आळं करतात, पाणी घालतात, वर वाळलेला पाला पसरतात आणि आळ्यात एक छोटा दगड तिरपा ठेवतात. विचारलं कशाला, तर म्हणाले पाणी एकदम ओतलं की माती वाहून मुळं उघडी पडतात, दगडावर ओतायचं. इतकी बारीक माहिती ज्या माणसाकडे आहे त्याला आजवर टेकडीच्या कुठल्याही सरकारी मीटिंगला बोलावणं आलेलं नाही. रोज येणाऱ्यांची एक स्थानिक समिती करा, वनखातं आणि महापालिकेची माणसं त्यात बसवा, तीन महिन्यांतून एकदा टेकडीवरच बैठक घ्या, इतिवृत्त बोर्डावर लावा. गिरिपुष्प एकदम तोडू नका, टप्प्याटप्प्याने विरळ करा, त्याच्या सावलीत देशी रोपं वाढली की मग काढा, हे कोणत्या पट्ट्यात आधी करायचं ते ही माणसं चालता चालता दाखवतील.

प्रॅक्टिकल माहिती पण देते. चढायला वाटा भरपूर, पंचवटीकडून, गोखलेनगरकडून, लॉ कॉलेजच्या मागून, कोथरूडकडून एआरएआयच्या रस्त्याने. गाडी खाली लावा, माथ्यावर नेऊ नका. खाणीच्या कडेला मुलांचा हात सोडू नका, पाणी खोल आहे आणि कडा सरळ आहेत, पोहायला अजिबात उतरू नका. मोरांना शेव-फरसाण टाकू नका. स्पीकर नको. कुत्रं नेत असाल तर पट्टा बांधा, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत.

आणि हरकत द्यायची वेळ आली, म्हणजे आराखड्यात कुठलाही बदल निघाला की, ती मराठीत द्या, सर्व्हे नंबर किंवा आराखड्याची शीट लिहा, एका मुद्द्याला एक परिच्छेद ठेवा, खाली सही आणि पत्ता, दोन प्रती काढा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सोसायटीच्या लेटरहेडवर वेगळी आणि स्वतःची वेगळी अशा दोन्ही द्या. ज्यांना सुनावणीला जायला जमत नाही त्यांनी शेजाऱ्याला अधिकारपत्र द्या पण नाव पुकारलं की कोणीतरी उभं राहिलं पाहिजे.

दोनाचे तीन स्टार करायला मी आनंदाने तयार आहे. टेकडीची पूर्ण मोजणी होऊन हद्दीचे दगड बसू देत आणि बजेटमध्ये टेकड्यांच्या संपादनाचा वेगळा हेड दिसू दे, त्याच दिवशी येऊन बदलते. चौथा स्टार त्या दोन समांतर रेघा नकाशावरून पुसल्या की.